रुग्णालय आणि लोकऋण : भंडारा व सेवाग्राम यांच्या संदर्भात

रुग्णालय समाजाला काय परत देते, असा प्रश्न विचारला असता बहुधा आरोग्य शिबिरे, औषधवाटप आणि नेत्रतपासण्या यांची यादी पुढे केली जाते. परंतु ‘परत देणे’ या शब्दांतच एक गृहीत दडलेले आहे. जो परत देतो, त्याने आधी काही घेतलेले असते. रुग्णालयाने समाजाकडून काय घेतले आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे पाहिल्यावाचून परतफेडीचे मोजमाप करता येणार नाही. भंडारा जिल्ह्याचा अनुभव व वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामचा प्रयोग यांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा होय. कोहळी समाजाच्या कसबातून उभ्या राहिलेल्या तलावांवर येथील धानशेती पोसली गेली. तलाव मालगुजाराच्या ताब्यात असला तरी पाळीच्या दुरुस्तीत गावाचे श्रम खर्ची पडत, आणि त्यामुळे पाण्याच्या वाटपात गावाच्या शब्दालाही काही वजन असे. ही व्यवस्था समतेची होती असे मुळीच नाही. मालगुजाराचे वर्चस्व तीत उघड होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व तलाव शासनाकडे आले. हे न्याय्यच झाले. परंतु पाळ कोणी राखावयाची, हा प्रश्न मागे उरला. आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक जलाशयांत साचलेला गाळ त्या अनुत्तरित प्रश्नाची साक्ष देतो.

आरोग्यसेवेचा इतिहासही काहीसा याच वळणाने गेला आहे. ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतातील दवाखाने सरकारी अनुदान, नगरपालिका व जिल्हा कौन्सिल यांचा निधी आणि स्थानिक वर्गणी यांवर चालत. वर्गणीदार अर्थातच सधन असत, आणि दरिद्री रुग्णाच्या वाट्याला उपकार येई. १९५६ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषद अस्तित्वात आली. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे परिषदेच्या कक्षेत गेली, तर जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे राहिले. उपचार हा दात्याच्या मर्जीचा विषय न राहता नागरिकाच्या हक्काचा झाला, ही प्रगती सामान्य नव्हे. तथापि निधी आणि निर्णय राजधानीतून येऊ लागल्यामुळे रुग्णालयाचा हिशेबही वरच्या दिशेने जाऊ लागला. खाली, गावाकडे, तो उतरेनासा झाला.

हिशेब गावाकडे वळविण्याचा एक लक्षणीय प्रयत्न सेवाग्राम येथे झाला. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहावयास आले व १९४० साली त्या गावाचे सेवाग्राम असे नामकरण झाले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे पुण्यात बंदिवासात निधन झाल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ डॉ. सुशीला नायर यांनी येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी अवघ्या १५ खाटांचे रुग्णालय उभारले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. येथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिरासाठी मुक्काम करते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांशी संबंध राखते. यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. वैद्यकाचे शिक्षण अखेर गरिबांच्या देहांवरच होत असते. म्हणून गाव हे दानाचे पात्र नसून ते गुरुस्थानी आहे, आणि रुग्णालयाचे पहिले ऋण तेच होय.

१९८० च्या आगेमागे डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी यांनी या विचाराला व्यवहाराचे रूप दिले. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची. जमीनवाल्याने अधिक, भूमिहीनाने कमी. गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सहभागी झाली तरच योजना लागू होई. जमलेल्या निधीतून ग्राम आरोग्यसेवकाचे मानधन व प्राथमिक औषधे यांची तरतूद होई. आकस्मिक आजारात सभासदाला रुग्णालयात विनामूल्य उपचार मिळत. नेहमीची प्रसूती, मोतीबिंदू, हर्निया अशा पूर्वकल्पना असलेल्या बाबींत त्याला खर्चाचा चतुर्थांश द्यावा लागे.

या ज्वारीवर रुग्णालय चालत नव्हते, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. संस्थेचा मुख्य भार केंद्र व राज्य शासनांच्या अनुदानावर होता. मग ज्वारीचे मोल काय? पायलीभर का होईना, ज्याने धान्य घातले तो याचक राहिला नाही. आरोग्यसेवक का आला नाही, औषध का मिळाले नाही, हे विचारण्याचा त्याला अधिकार आला. अर्थात योजनेला मर्यादाही होत्या. ७५ टक्क्यांच्या अटीमुळे गावातील सधन उदासीन राहिले तर तेथील निर्धनही वंचित राहत. शिवाय अशी योजना निष्ठावान कार्यकर्त्यांच्या बळावर उभी राहते. ती साऱ्या राज्यास तशीच लावता येईल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

शासकीय रुग्णालयांतही लोकसहभागाची तरतूद नाही असे नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने रुग्ण कल्याण समित्यांची योजना केली. परंतु समिती असणे आणि सामान्य माणसाचा प्रश्न तेथवर पोहोचणे यांत अंतर आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. शासनाने प्रत्येक मृत बालकाच्या कुटुंबास ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले व राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश दिले. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. पण तपासणीचा प्रश्न आगीच्या आधी विचारण्याचे स्थान त्या मातांना कोठे होते? त्यांनी आपली लेकरे ज्या विश्वासाने रुग्णालयाच्या हाती सोपविली, तो विश्वास हीच समाजाने रुग्णालयास दिलेली सर्वांत मोठी ठेव होती.

परतफेडीचा विचार येथून सुरू व्हावयास हवा. शिबिरे व औषधवाटप ही देणगी आहे, आणि देणगी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. ऋणाचे तसे नसते. धनको ते मागू शकतो. पाळीवर घमेले वाहणाऱ्यास आणि खळ्यावरची ज्वारी देणाऱ्यास काही अंशी का होईना, हे मागणे करता येत होते. कर भरणाऱ्या व आपले मूल रुग्णालयाच्या स्वाधीन करणाऱ्या नागरिकासही ते तितक्याच सहजतेने करता आले पाहिजे. ज्या दिवशी जिल्हा रुग्णालयाचा हिशेब गावाच्या चावडीवर वाचला जाईल, त्या दिवशी त्याची परतफेड खऱ्या अर्थाने सुरू झाली असे म्हणता येईल.