टक्सनची सात पुस्तके

जानेवारी २०१२मध्ये ॲरिझोना राज्यातील टक्सन शहरात सरकारी शाळांच्या वर्गांतून सात पुस्तके उचलून खोक्यांत भरण्यात आली. त्यांत पाउलो फ्रेरे यांचे ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ होते, तसेच रोडोल्फो अकुन्या यांचा चिकानो लोकांचा इतिहास ‘ऑक्युपाइड अमेरिका’ही होता. ही बंदी नव्हे, ग्रंथालयात प्रती आहेत, असा शालेय प्रशासनाचा खुलासा. तांत्रिकदृष्ट्या तो खरा होता. शिकवण्यापुरतीच पुस्तके गेली होती!

टक्सन १८५३-५४च्या खरेदीव्यवहारापर्यंत मेक्सिकोचा भाग होते. तिथल्या शाळांतले निम्म्याहून अधिक विद्यार्थी आजही लॅटिनो. त्यांच्या पूर्वजांचा इतिहास शिकवणारा मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१०च्या ‘एचबी २२८१’ या कायद्याने अडचणीत आला. कायद्याची भाषा मोठी सोज्वळ आहे. एखाद्या वंशाविषयी वा वर्गाविषयी रोष वाढवणारे, विशिष्ट वांशिक गटासाठीच आखलेले, विद्यार्थ्याला व्यक्ती न मानता वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारे अभ्यासक्रम नकोत, असे ती म्हणते. ‘मेक्सिकन’ हा शब्द त्यात कुठेही नाही. टक्सनमध्ये कृष्णवर्णीय, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठीही कार्यक्रम होते. बडगा मात्र एकावरच आला.

राज्याच्या शिक्षण खात्याने स्वतः नेमलेल्या लेखापरीक्षकांना २०११मध्ये कायदाभंगाचा पुरावा सापडला नाही. तरीही शिक्षणप्रमुख जॉन हुपेनथाल यांनी अभ्यासक्रम बेकायदा ठरवला. राज्याच्या निधीतील दहा टक्के कापले जाणार म्हटल्यावर शाळा मंडळाने तो गुंडाळला.

विद्यार्थी न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१७मध्ये फेडरल न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला: कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता. हुपेनथाल यांनी टोपणनावाने इंटरनेटवर लिहिलेला मजकूरही त्यांनी पुराव्यात धरला. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की ताशिमा कायद्याच्या सोज्वळ शब्दांपाशी थांबले नाहीत. ते शब्द लिहिणारे आणि राबवणारे काय बोलत होते, हेही त्यांनी वाचले. (दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबले गेले, तेव्हा ताशिमा लहान होते. त्यांची छावणी पोस्टनची, म्हणजे ॲरिझोनातलीच.)

निकालाने टक्सनचा प्रश्न सुटला, पण अशा कायद्यांची लाट त्यानंतरच आली. फ्लोरिडाने २०२२मध्ये वंशाबाबतच्या अध्यापनावर निर्बंध घातले. टेक्ससने २०२३च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील विविधता कार्यालये बंद केली. आणि ॲरिझोनात, २०१०च्या कायद्याचा पाठपुरावा करणारे तत्कालीन शिक्षणप्रमुख टॉम हॉर्न २०२२च्या निवडणुकीत पुन्हा त्याच पदावर निवडून आले.