रविवर्म्यांच्या तसबिरी आणि मळवलीचा छापखाना

मुंबईहून पुणें व दौंडाकडे जाणारी आगगाडी लोणावळें सोडून पुढें निघाली म्हणजे मळवली नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. कार्ल्याचीं लेणीं पाहणारे प्रवासी तेथें उतरतात. परंतु घरोघरच्या देव्हाऱ्यांना लक्ष्मी व सरस्वती देणारा राजा रविवर्मा यांचा छापखाना याच परिसरांत होता, ही आठवण थोड्यांनाच असते.

रविवर्म्यांचा जन्म १८४८ सालीं त्रावणकोरांतील किळिमानूर येथें झाला. १८६८ मध्यें थिओडोर जेन्सन नांवाचा युरोपीय चित्रकार तेथील दरबारांत आला. त्यानें शिकविण्याचें नाकारलें. मात्र काम चाललें असतां पाहण्यास मुभा दिली. बुद्धिमान शिष्यास तेवढें पुरलें! पुढें तसबिरी काढणें हाच त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. १८७८ सालीं त्यांनीं मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांची तसबीर काढली. बडोदें, उदेपूर, म्हैसूर येथूनहि बोलावणीं आलीं. रेशमाची झळाळी, मोत्यांचें पाणी आणि समोर बसलेल्या व्यक्तीचा आब तैलरंगांत उतरविण्यांत त्यांचा हात धरणारा विरळा. पण दरबारची तसबीर दरबारांतच राहावयाची.

चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवाव्या, असें सर टी. माधवराव यांनीं त्यांना सुचविलें होतें. रविवर्म्यांनीं १८९४ सालीं गिरगांवांत कारखानाच काढला. यंत्रें व कारागीर जर्मनीचे. पहिलें चित्र ‘शकुंतलाजन्म’. तेलकट शाई व पाणी एकमेकांस धरीत नाहींत, या तत्त्वावर शिळाछाप चालतो. प्रत्येक रंगास निराळी शिळा लागते आणि कागद केसभर सरकला तरी ओठांचा रंग गालावर जातो.

पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून अशीं चित्रें छापीत होती, तेव्हां पहिलेपणाचा मान रविवर्म्यांचा नव्हे. त्यांनीं तसबीरकाराची नजर पुराणाकडे वळविली, हें त्यांचें खरें कार्य. त्यांच्या देवी जिवंत स्त्रीसारख्या समोर उभ्या राहतात, लुगडें नेसून, अंगावर ओळखीचे दागिने घालून. आनंद कुमारस्वामींना त्यांत नाटकीपणा दिसला, आणि तो आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु दौंड किंवा शिरूरच्या ज्या घरांत बडोद्याचें तैलचित्र कधींहि येणें नव्हतें, त्या घरांच्या भिंतींना परवडेल अशी कला दुसऱ्या कोणीं दिली?

या औदार्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. कारखाना घाटकोपरला आणि मग मळवलीस हलला. तसबिरींनीं मिळविलेला पैसा छापखान्यानें गिळला आणि नव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. सारा व्यवहार सांभाळणारे, स्वतः चित्रकार असलेले धाकटे बंधु राजराजवर्मा १९०५ मध्यें वारले; पुढच्याच वर्षीं, २ ऑक्टोबर १९०६ रोजीं, रविवर्माहि गेले.

कारखाना मात्र चालूच राहिला. त्याच्यासाठीं काम केलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. मळवलीचा छापखाना १९७२ मध्यें आगींत जळाला, तोंवर तेथील लक्ष्मी देशभर पोंचून गेली होती.