जुन्या वस्तऱ्याचें मोल

आमच्या बालपणीं दर रविवारीं सकाळीं घराच्या ओटीवर न्हाव्याची धोपटी उघडे आणि तींतून वाटी, चामोटी, निसणा व वस्तरा हीं आयुधें क्रमाक्रमानें बाहेर पडत. वस्तऱ्याच्या पात्यामागील जाड दांड्यावर इंग्रजी अक्षरांचा एक झिजलेला ठसा होता. ‘शेफील्ड’ हें नांव आम्हीं भूगोलाच्या पुस्तकांत वाचण्यापूर्वीं तेथें वाचलें. आतां ती धोपटी नाहीं आणि तो वस्तराहि नाहीं; परंतु त्याचीं भावंडें संगणकाच्या पडद्यावर रोज लिलांवास उभीं असतात. दिसण्यांत सारख्याच अशा दोन वस्तऱ्यांपैकीं एक हजार रुपयांस जातो आणि दुसरा वीस हजारांस. ही तफावत कशामुळें, आणि वाजवी किंमत म्हणावी तरी कोणती, या प्रश्नाचें उत्तर व्यापाऱ्यापेक्षां इतिहासाजवळ अधिक आहे, असें आमचें मत झालें आहे. तें मत आम्हांस फुकट मिळालें नाहीं, हेंहि आरंभींच कबूल केलेलें बरें.

शेफील्ड हें उत्तर इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतलें शहर. तेथील सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिरांचा संघ १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला. प्रत्येक कारागिरानें मालावर आपलीच नोंदलेली खूण ठोकावी, दुसऱ्याची ठोकूं नये, हें पाहणें संघाच्या कारभाराचा एक मुख्य भाग होता. ती शिस्त नसती, तर आज जुन्या वस्तऱ्यांची वंशावळ लावणें अशक्य झालें असतें. पुढें १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें, कमानींसाठीं चांगलें पोलाद मिळेना म्हणून, तें मातीच्या मुशींत वितळवून एकजीव करण्याची कृति शोधून काढली. वस्तऱ्याच्या नाजूक धारेस असेंच निर्मळ पोलाद लागतें. म्हणून ‘कास्ट स्टील’, म्हणजे ओतीव पोलाद, हे शब्द पुढें दीर्घकाळ वस्तऱ्यांवर अभिमानानें मिरवले.

या कथेंत आपल्या देशाचाहि एक धागा आहे. मुंबईस असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यानें १७९४ च्या सुमारास ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, आणि १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन याचा त्यांवरील निबंध सोसायटीपुढें वाचला गेला. निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस होतें असें म्हटलें आहे; वास्तविक तें दक्षिणेंतील म्हैसूर, तेलंगण, सालेम या भागांतल्या भट्ट्यांचें. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट यानें तें घडवून पाहिलें व त्याची थोरवी मानली. त्यानेंच पुढें मायकेल फॅरडे याच्यासह पोलादांत इतर धातु मिसळण्याचे प्रयोग १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध केले. पांचशें भाग पोलादास एक भाग चांदी हें त्यांतलें एक मिश्रण. त्याची कीर्ति होतांच ‘सिल्व्हर स्टील’ हा ठसा इतका बोकाळला कीं, ठसा आहे म्हणून पात्यांत चांदी आहे, असें आतां कोणी जाणता मानीत नाहीं.

ठसा हा अशा रीतीनें साक्षीदार खरा. पण त्याची उलटतपासणी करावी लागते. मुकुटाच्या दोहों बाजूंस ‘डब्ल्यू. आर.’ हीं अक्षरें असल्यास वस्तरा चवथ्या विल्यमच्या, म्हणजे १८३० ते १८३७ या काळांतला समजतात, ‘व्ही. आर.’ असल्यास व्हिक्टोरियाच्या राज्यांतला. ‘जी. आर.’ मात्र फसवें. जॉर्ज १८३० पूर्वीं होते, तसे १९१० नंतरहि झाले. सर्वांत बोलकी खूण निराळीच आहे. परदेशी मालावर त्याच्या देशाचें नांव इंग्रजींत असलेंच पाहिजे, असा निर्बंध अमेरिकेनें १८९० च्या मॅकिन्ले जकात-कायद्यानें घातला. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ हा शब्द ठशांत दिसला, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा समजावा. जर्मनींतील सोलिंगेनचा माल शेफील्डच्या नांवावर खपूं लागला, हें इंग्लंडास डाचत होतें. तेथेंहि १८८७ सालीं खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला. पुढें सोलिंगेनचीच कीर्ति एवढी वाढली कीं, त्या नांवाच्या रक्षणासाठीं १९३८ सालीं जर्मनीस नियम करावा लागला!

वयाइतकेंच प्रकृतीकडेहि पाहावें. पात्याची रुंदी सुतांत मोजावी. पांच-सहा सुतांचीं पातीं पुष्कळ, आठ सुतांचीं विरळ व महाग. निसण्यावर घासतांना पाठ व धार दोन्ही दगडास टेकतात. पाठ सपाट झिजलेली असेल, तर आयुष्य बरेंच सरलें असें जाणावें. वरवरचा गंज निघतो, धारेजवळचा खोल गंज निघत नाहीं, आणि धारेस तडा असल्यास पुढें पाहूंच नये. हस्तिदंती मुठीचा मोह तर सोडूनच द्यावा. आपल्या देशांत त्याचा व्यापार कायद्यानें निषिद्ध आहे.

आतां लिलांवाचें. सतराव्या शतकांत लंडनांत मेणबत्तीचा लिलांव होई. तुकडा विझण्यापूर्वीं शेवटची बोली ज्याची, त्यास माल मिळे. सॅम्युअल पीप्सनें १६६२ सालच्या रोजनिशींत जुन्या जहाजांच्या अशा लिलांवांतील एका चतुर गृहस्थाची हकीकत नोंदली आहे. ज्योत विझतांना धूर खालीं वळतो हें त्यानें हेरलें होतें, व तो नेमका तेव्हांच बोली देई. १९९५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ईबेवर मेणबत्तीच्या जागीं घड्याळ आलें. चतुर गृहस्थ मात्र तेच राहिले. तेथें आपली कमाल रक्कम आधीं सांगून ठेवतां येते, आणि जिंकणाऱ्यास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचित् अधिक एवढेंच द्यावें लागतें. अशा व्यवस्थेंत मनांतील खरी किंमत एकदांच सांगून स्वस्थ बसावें, याचें गणित विल्यम विक्रे यानें १९६१ सालीं मोहरबंद लिलांवाविषयीं मांडलेलें आहे.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. तरीहि आम्ही फसलों. दोन वर्षांपूर्वीं एका विक्रेत्यानें ‘विल्यम राजाच्या काळचा’ म्हणून एक वस्तरा मांडला. चित्रांत ठशाचा खालचा भाग अंधुक होता. आम्हीं चार हजारांची मर्यादा ठरविली; शेवटच्या पांच मिनिटांत कोणी अज्ञात मनुष्य पुढें गेला, आणि मग वस्तऱ्याऐवजीं त्या मनुष्यास जिंकण्याची ईर्ष्या आमच्या अंगांत शिरली. अकरा हजारांवर वस्तरा आमचा झाला. टपाल व जकात निराळी. पुडकें उघडून भिंगाखालीं पाहतों तों नांवाखालीं स्पष्ट ‘इंग्लंड’! विल्यम राजा जाऊन अर्धें शतक लोटल्यावरचा तो वस्तरा. तीन हजार हेंच त्याचें वाजवी मोल. विक्रेत्याचें अज्ञान कीं लबाडी, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. आमचा अपराध मात्र उघड आहे. शिक्का व तारीख पडताळल्यावांचून कागद अस्सल मानूं नये, असें पंचवीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकविणाऱ्या आम्हांस ठशाचें स्वच्छ चित्र मागण्याइतकाहि धीर राहिला नाहीं.

वास्तविक घाईचें कांहींच कारण नव्हतें. १९०३ सालीं जिलेटचीं फेकून देण्याचीं पातीं बाजारांत आलीं, आणि हळूहळू वस्तरा घरोघर मागें पडून पेट्यांत व माळ्यांवर जाऊन बसला. म्हणून आज एक हुकला, तर महिन्यानें तसाच दुसरा येतो. वाजवी किंमत हवी असेल, तर विक्रेते काय मागतात हें न पाहतां पूर्वींच्या विक्रींत खरोखर काय मिळालें हें पाहावें. त्यांतून धार लावण्याचा खर्च, टपाल व जकात वजा करावी. उरेल तो आंकडा लिलांव तापण्यापूर्वीं कागदावर लिहावा आणि तो ओलांडला जातांच पडदा मिटून उठावें.

असो. तो वस्तरा आम्हीं परत केला नाहीं. त्यास धार लावून घेतली आहे, आणि रविवारीं त्यानेंच आम्ही दाढी करतों. पातें उत्तम चालतें. जादा गेलेली रक्कम ही आमच्या शिकवणीची फी होती, असें आम्ही समजतों.