मेणावर लिहिलेलं नाव

आग्या मोहोळ आपल्या दारव्हा भागाला नवं नाही. मध पिळून घेतला, की उरलेलं पोळं गरम पाण्यात वितळवायचं आणि वर तरंगणारं मेण काढून घ्यायचं. मोची ते दोऱ्याला लावतो, ओतारी साच्यासाठी वापरतो. पण याच मेणानं माणसांचे चेहरे रंगवले जात, आणि त्यातले कित्येक चेहरे आज अठराशे-एकोणीसशे वर्षांनंतरही ताजे दिसतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल.

ही गोष्ट इजिप्तमधली. इ.स.पूर्व ३० मध्ये तो देश रोमच्या ताब्यात गेला. पुढची सुमारे तीनशे वर्षं तिथल्या सुस्थितीतल्या घरांत मृताच्या ममीवर, चेहऱ्याच्या जागी, त्याचं रंगवलेलं चित्र बसवीत. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाला १८८८ मध्ये फायूम प्रांतातल्या हवारा इथं अशी बरीच चित्रं सापडली. आज सुमारे नऊशे चित्रं ठाऊक आहेत. त्यांतली पुष्कळशी मेणाच्या रंगांतली आहेत. या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘जाळून बसवलेलं’.

मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात रंगाची पूड मिसळायची आणि पातळ लाकडी फळीवर गरम असतानाच ओढायची. हात थांबला, की रंग थिजला! म्हणून एक फटकारा दुसऱ्यात विरघळत नाही. शिवाय तापवलेल्या धातूच्या हत्यारानं तो थर पुन्हा मऊ करून हलवता येतो. त्यामुळे गालावर गालाच्या वळणानं गेलेल्या रेघा तिरप्या उजेडात नांगराच्या तासांसारख्या उठून दिसतात. चित्रकाराचा हात कुठून कुठं गेला, ते आजही कळतं.

मेण झटकन थिजतं, याच गुणासाठी अमेरिकन चित्रकार जास्पर जॉन्स याने १९५४-५५ मध्ये ‘फ्लॅग’ या चित्रासाठी ही जुनी रीत पुन्हा हाती घेतली. त्यातल्या मेणाच्या थराखाली वर्तमानपत्राचे कपटे आहेत; जवळून पाहिलं तर छापील अक्षरं दिसतात. पण मेणाच्या चित्रात अक्षरं यायला विसावं शतक उजाडावं लागलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इ.स. १०० ते १५० या काळातलं एका मुलाचं चित्र आहे. मोठे डोळे, पांढरा अंगरखा. आणि गळ्यापाशी, अंगरख्यावरच, गडद रंगात ग्रीक अक्षरं. त्यात मुलाचं नाव आहे यूतिखेस, म्हणजे ‘भाग्यवान’. पुढे तो अमक्याचा मुक्त केलेला गुलाम, असं लिहिलंय. मग हेराक्लिदेस आणि एवान्द्रोस ही नावं येतात. त्यांत बाप कोण आणि मुलगा कोण, यावर विद्वानांचं एकमत नाही. शेवटी शब्द आहेत : ‘मी सही केली’.

कोणाची ही सही? चित्रकाराची असेल, तर ममीवरच्या चित्रांमध्ये ती एकमेव ठरेल. पण ती मुक्ततेच्या साक्षीदाराचीही असू शकते. तसं असेल, तर हा मुलगा आपल्या सुटकेचा दाखला अंगरख्यावर घेऊनच थडग्यात गेला, असं म्हणावं लागेल.

आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात. देणाऱ्याचं नाव राहतं, भांडं घडवणाऱ्याचं नाही. अजिंठ्यातही तेच झालं. तिथल्या सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा कोरीव लेख आहे. हा पाचव्या शतकातल्या हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री. या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम. दान देणाऱ्या मंत्र्याचं नाव दगडात राहिलं. मातीच्या गिलाव्यावर रंग भरणाऱ्यांची नावं मात्र कुणीच लिहून ठेवली नाहीत.

यूतिखेसच्या बाबतीत उलट घडलं. दान देणारा नाही, मंत्री नाही. काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या मालकीचं असलेलं पोर. त्याचं नाव दगडात कोरायला कोण जाणार होतं? ते मेणाच्या चित्रावर लिहिलं गेलं, आणि तो मुलगा कोणाचा होता यापेक्षा तो सुटला होता, हे आज आपल्याला अधिक खात्रीनं ठाऊक आहे.