ठासणीच्या तोफांचा मुखवेग : मुलूखमैदान तोफेच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :
निजामशाहीच्या काळात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे इ. स. १५४९ मध्ये रूमी खानाने ओतलेली ‘मुलूखमैदान’ तोफ पुढे परांडा किल्ल्यात व तेथून १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. आजही ती तेथील बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी सुमारे ४.४५ मीटर आणि नळीचा व्यास सुमारे ०.७ मीटर, एवढी माहिती बहुतेक ग्रंथांत आढळते. परंतु केवळ आकारावरून तोफेची शक्ती ठरत नाही. गोळा नळीबाहेर पडतानाचा वेग, म्हणजेच मुखवेग, काढल्याखेरीज पल्ल्याविषयीची पारंपरिक विधाने तपासता येत नाहीत. प्रस्तुत लेखात हा वेग अनुमानाने काढण्याची पद्धत मांडली आहे.

पद्धती :
इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, त्याच्या झोक्यावरून गोळीचा वेग मोजला. दारूच्या वायूचा आरंभीचा दाब वातावरणाच्या १००० पट असतो आणि वायू पसरेल त्या प्रमाणात तो घटतो, असे त्यांनी मानले. त्यावरून सूत्र मिळते. दारूने व्यापलेले आकारमान, आरंभीचा दाब आणि नळी व दारू यांच्या आकारमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम यांचा गुणाकार दुप्पट करावा. गोळ्याच्या वजनात दारूच्या वजनाचा एक तृतीयांश मिळवून त्या बेरजेने त्यास भागावे. भागाकाराचे वर्गमूळ म्हणजे मुखवेग होय.

अनुमान :
मुलूखमैदानाची नळी सुमारे ३ मीटर लांब गृहीत धरल्यास तिचे आकारमान साधारण १.२ घनमीटर येते. ०.६८ मीटर व्यासाचा काळ्या पाषाणाचा गोळा सुमारे ४६० किलो भरेल. २० किलो दारूस मुखवेग सेकंदास सुमारे १९० मीटर, तर ४० किलोस सुमारे २४५ मीटर येतो. याच रीतीने १२ पौंडी तोफेचा वेग, गोळ्याच्या एक तृतीयांश वजनाच्या दारूस, सुमारे ३९० मीटर येतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जुन्या ठासणीच्या बंदुकांवर १९८८-८९ मध्ये झालेल्या चाचण्यांत सरासरी वेग सुमारे ४५० मीटर आढळला.

विवेचन :
दारू दुप्पट केली तरी वेग सव्वापटीहून थोडाच अधिक वाढतो. २४५ मीटर वेगाचा गोळा, हवेचा विरोध शून्य मानला तरी, सुमारे ६ किलोमीटर, म्हणजे जवळपास दोन कोस जाईल. प्रत्यक्षात पल्ला याहून कमीच असणार. गोळा व नळी यांमधील फटीतून वायू निसटून वेग घटतो. उलट, चार्ल्स हटन यांच्या पुढील प्रयोगांत आरंभीचा दाब रॉबिन्स यांच्या अंदाजाहून बराच अधिक आढळला. म्हणून वरील आकडे मर्यादा दर्शविणारेच मानावेत.

ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा भुईकोट किल्ला घेतला, तो प्रचंड तोफेच्या बळावर नव्हे. १० ऑगस्टला चार तोफांचा मोर्चा सुरू झाला व १२ ऑगस्टला किल्ला स्वाधीन झाला.

निष्कर्ष :
स्थानिक इतिहासात तोफेचे वजन नोंदविले जाते. मात्र दारूच्या कोठ्याचे माप, नळीची आतील लांबी, गोळ्याचा व्यास आणि कागदपत्रांतील दारूचे प्रमाण दुर्लक्षित राहते. किल्ल्यावरील प्रत्येक तोफेची ही चार मापे नोंदविल्यास दंतकथा व इतिहास यांची फारकत करणे शक्य होईल. हे काम महाविद्यालयांतील इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे.