चार आण्यांचा सभासद आणि तिजोरीची किल्ली

मराठीत ‘वर्गणी’ आणि ‘देणगी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत आपण दोन्हींना ‘चंदा’ म्हणून मोकळे होतो. पण फरक मोठा आहे. वर्गणी देणारा सभासद असतो. सभेत उठून तो हिशेब विचारू शकतो. देणगी देणाऱ्याचे आभार मानले जातात, त्याला व्यासपीठावर खुर्ची मिळते आणि पुढे कधी तरी त्याचे एखादे काम निघते. गेल्या शंभर वर्षांत आपले राजकीय पक्ष वर्गणीकडून देणगीकडे आणि देणगीकडून गुप्त देणगीकडे कसे सरकत गेले, हे पाहायचे असेल तर आमच्या वर्धा जिल्ह्यापासून सुरुवात करावी. सिंदी मेघे हे वर्धा शहराला लागूनच असलेले गाव. बजाजवाडी, मगनवाडी, सेवाग्राम ही नावे आमच्या रोजच्या बोलण्यातली. पण या तीन नावांमध्ये एका पक्षाच्या उमेदीची आणि त्याच्या जुन्या पाठीराख्यांच्या मोहभंगाची कथा दडलेली आहे, याचा विचार आपण सहसा करत नाही.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. या अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली आणि वर्षाला चार आणे देणारा कोणीही प्रौढ माणूस पक्षाचा सभासद होऊ शकेल असे ठरले. वकील-बॅरिस्टरांचा पक्ष विणकर, शेतकरी, हमाल यांच्यासाठी उघडला गेला तो या चार आण्यांनी. पुढच्याच वर्षी बेझवाड्याच्या बैठकीत टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये आणि एक कोटी सभासद असे लक्ष्य ठरले. जमनालालजींनी वकिली सोडणाऱ्यांच्या मदतीसाठी एक लाख रुपये दिले. मुंबईचे कापूस व्यापारी आणि गिरणीमालक उमर सोबानी हे त्या काळातले मोठे दाते. ३१ जुलै १९२१ रोजी परळला विदेशी कापडाची जी प्रसिद्ध होळी झाली, ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात.

म्हणजे शेठ लोकांचा पैसा काँग्रेसमध्ये पहिल्यापासून होता. मग तेव्हा कोणाचा मोहभंग का झाला नाही? एक कारण असे की मोठ्या देणगीशेजारी चार आण्यांची वर्गणी उभी होती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. तेव्हा काँग्रेसला पैसा देणे म्हणजे सरकारची नाराजी ओढवून घेणे होते. देणाऱ्याला त्या बदल्यात परवाना, ठेका किंवा जमीन मिळण्याची सोय नव्हती, कारण पक्षाच्या हाती देण्यासारखे काहीच नव्हते. जमनालालजींनी तर मिळालेली रायबहादूर पदवीही परत केली.

याच काळात आपल्या घरातही एक प्रकरण घडले. त्याकडे डोळेझाक करून दुसऱ्यांचा इतिहास तपासणे बरोबर नाही. मध्यवर्ती खिलाफत कमिटीचे अध्यक्ष शेठ मियाँ मोहम्मद छोटाणी हे मुंबईतले लाकडाचे मोठे व्यापारी. तुर्कस्तानच्या मदतीसाठी गरीब मुसलमानांनी पैसा पैसा जमवला, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. या निधीतले लाखो रुपये शेठजींच्या धंद्यात अडकल्याचे चौकशीत उघड झाले आणि भरपाई म्हणून त्यांना लाकडाच्या गिरण्या कमिटीच्या नावे कराव्या लागल्या. मार्च १९२४ मध्ये तुर्कांनी स्वतःच खिलाफत बरखास्त केली, हे तहरीक संपण्याचे कारण आपण मुलांना शिकवतो. पण देणाऱ्यांची मायूसी त्याआधीच सुरू झाली होती. अमानत आणि धंदा एकाच तिजोरीत ठेवले की असे होते.

वर्ध्यात मात्र काही वर्षे निराळे चित्र दिसले. जमनालालजी १९४२ च्या फेब्रुवारीत वारले तोपर्यंत काँग्रेसचे खजिनदार होते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहू लागले. कार्यकारिणीच्या बैठका बजाजवाडीत होऊ लागल्या. १४ जुलै १९४२ चा ‘इंग्रजांनी जावे’ हा ठराव वर्ध्यातलाच. जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे मूळचे लेखापाल. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचा हिशेब त्यांनी इतक्या काटेकोरपणे ठेवला की गांधीजींच्या सोबत्यांच्या खर्चालाही त्यांनी मर्यादा घातली. गिरणीच्या अर्थव्यवस्थेवर टीका करणारी संस्था एका कारखानदाराच्या जागेत चालत होती. आज हे चमत्कारिक वाटेल, पण पैसा देणारा आणि धोरण ठरवणारा यांच्यात त्या वेळी एक भिंत होती.

ती भिंत सत्तेची चाहूल लागताच खचू लागली. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले. खादीची टोपी घालणाऱ्या गिरणी कामगाराला त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न पडला असेल, की आपला पक्ष नेमका कोणाच्या बाजूला आहे?

१९४४ साली दोन योजना देशापुढे आल्या. एक टाटा, बिर्ला, ठाकुरदास, कस्तुरभाई आदी उद्योगपतींची ‘मुंबई योजना’, पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चण्याची. दुसरी वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांची ‘गांधीवादी योजना’, खेडी आणि ग्रामोद्योग यांवर उभी. स्वातंत्र्यानंतर देश कोणत्या वाटेने गेला ते सांगायला नको. मार्च १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर सहा आठवड्यांनी, सेवाग्रामला नेहरू, मौलाना आझाद, विनोबा, कृपलानी, कुमारप्पा एकत्र बसले. आता पुढे काय, हा प्रश्न होता. त्याच महिन्यात नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. त्यांत युसूफ मेहेरअली होते. खोजा व्यापारी घराण्यात जन्मलेला, मुंबईचा महापौर राहिलेला, ‘क्विट इंडिया’ ही घोषणा देणारा हा माणूस ज्या पक्षासाठी तुरुंगात गेला तो सोडताना त्याला काय वाटले असेल? जुलै १९५० मध्ये ते वारले. कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या शेती सुधारणा समितीने १९४९ मध्ये कसणाऱ्याला जमीन द्या असा अहवाल दिला. त्यातले बरेचसे कागदावरच राहिले. कुमारप्पा वर्धा सोडून तामिळनाडूत गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, वारले.

इकडे वर्धा लोकसभा मतदारसंघातून १९५२ मध्ये जमनालालजींचे जावई श्रीमन्नारायण आणि १९५७, १९६२, १९६७ मध्ये पुत्र कमलनयन बजाज निवडून आले. कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही. लोकांनीच त्यांना मते दिली. पण पूर्वी शेठजी खजिनदार होते आणि पक्ष विरोधात होता. आता पक्ष सरकारात होता आणि उद्योगपती खासदार होता. त्यामुळे देणगीचा अर्थच बदलला.

हा बदल ज्याने सर्वांत आधी स्पष्ट शब्दांत ओळखला तो माणूस मुंबईचा, आपल्याच समाजातला होता. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला. काँग्रेसचे औद्योगिक धोरण टिकणे कंपनीच्या हिताचे आहे, असा तिचा युक्तिवाद होता. मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने परवानगी दिली, पण ही वाट लोकशाहीचा गळा घोटू शकते, संसदेने याचा विचार करावा, असा इशाराही दिला. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पण निवडणुकीचा खर्च थांबला नाही, त्यामुळे पैसा चेकऐवजी बॅगेतून येऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली. चार आण्यांचा सभासद या सगळ्या हिशेबात कुठेच नव्हता. त्याचे काम सतरंज्या अंथरायचे आणि मत द्यायचे.

विदर्भातला मुसलमान दशकानुदशके काँग्रेसला ‘आपला पक्ष’ म्हणत आला. १९९१ मध्ये याच वर्ध्याने वसंत साठे यांच्यासारख्या दिग्गजाला हरवून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांना लोकसभेत पाठवले. १९९६ मध्ये भारतीय जनता पक्षाचे विजय मुडे निवडून आले. हे एकाच कारणाने घडले असे म्हणता येणार नाही. पण ज्या मतदाराला गृहीत धरले जाते तो एक दिवस घरी बसतो किंवा दुसरीकडे जातो, एवढे तरी यातून दिसते.

आणि दुसरीकडे गेलेल्याला तरी काय मिळाले? २०१७ च्या वित्त कायद्याने कंपनीच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि निवडणूक रोख्यांची सोय केली. देणारा कोण हे मतदाराला कळू नये, अशी ती व्यवस्था होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती घटनाबाह्य ठरवली. तोवर सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ नंतरचे जे आकडे निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केले, त्यांत भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी रुपये मिळालेले दिसतात. सत्ता जास्त तिथे देणगी जास्त. छागलांचा इशारा सदुसष्ट वर्षांनी आकड्यांत वाचायला मिळाला.

आपल्या समाजात पक्षांबद्दलची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : अमुक पक्ष आपल्या बाजूचा आहे की विरोधातला? तो प्रश्न खरा आहे, आपल्या जिवाशी निगडित आहे. पण त्याच्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे : या पक्षाचे घर कोणाच्या पैशावर चालते आणि तो हिशेब सभासदाला पाहता येतो का? ज्याच्या पैशावर घर चालते, त्याच्या दाराशी अडचणीच्या वेळी पक्ष जातो. आपण फक्त मत दिले आणि वर्गणी कधी दिलीच नाही, हिशेब कधी मागितलाच नाही, तर मोहभंगाची तक्रार कोणत्या हक्काने करणार?

आणि ही सवय घरापासून लागते. मशिदीची कमिटी, मदरसा, अंजुमन, शाळेची संस्था, सगळीकडे पावतीपुस्तके फिरतात. जिथे दरसाल जमाखर्च फलकावर लागतो आणि दहा रुपये देणाराही उठून विचारू शकतो, तिथला माणूस उद्या पक्षालाही विचारेल. जिथे ‘शेठजींनी दिले आहेत, मग विचारायचे कशाला’ असे म्हणतात, तिथे छोटाणी शेठांचीच गोष्ट नव्याने सुरू होते. कुमारप्पांनी गांधीजींच्या माणसांचाही खर्च मोजला, तेव्हा गांधीजींचा मान कमी झाला नाही. हिशेब विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. अमानत सांभाळली जाते.