सांगड, डोंगा आणि होडी : आमच्या समाजाच्या जलवाहनांचा इतिहास

समाजाचा इतिहास सांगण्याची वेळ आली म्हणजे आपल्यातील वक्ते व लेखक पालखीपासून आरंभ करतात. राजेरजवाड्यांच्या, साधुसंतांच्या पालख्या आमच्या पूर्वजांनी खांद्यावर वाहिल्या, हे खरेच आहे आणि त्याचा अभिमान बाळगणे गैर नाही. परंतु ज्या साधनाच्या आधारावर आमच्या घरोघरची चूल पेटत आली, त्या होडीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. घरातील रोजच्या भांड्याकडे लक्ष जात नाही, तसेच होडीचे झाले आहे. प्रस्तुत लेखात या जलवाहनांचा संक्षिप्त इतिहास आम्ही मांडणार आहोत. त्यातून आजच्या कुटुंबांनी होडी निवडताना व वापरताना कोणता बोध घ्यावा, हेही ओघाने येईल.

पुराणांत आमच्या व्यवसायाला मोठा मान आहे. रामायणातील निषादराज गुह सर्वांना ठाऊक आहे. महाभारतातील सत्यवती ही दाशराजाची कन्या यमुनेवर नाव चालवीत असे आणि पुढे तीच कुरुकुलाची राजमाता झाली. या कथांचा इतिहास म्हणून दाखला देण्याचा आमचा हेतू नाही. तथापि स्त्रीने वल्हे हाती धरणे ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही, एवढे त्यांवरून खास दिसते. आजही धरणांच्या पाण्यावर पती जाळे सोडीत आहे आणि पत्नी वल्हवीत आहे, हे दृश्य आपल्या कितीतरी घरांतले आहे.

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत 'भोई' या नोंदीखाली झिंगा भोई, परदेशी भोई, राज भोई, कहार, केवट, धीवर, धीमर, पालेवार, नावाडी, मल्हाव अशी अनेक नावे एकत्र आहेत. नावे निराळी, कारण पाणी निराळे. भीमा-कृष्णेच्या काठचा भोई आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धीवर यांची वाहने एकसारखी असणे शक्यच नव्हते. ज्याने त्याने आपापल्या पाण्याला साजेल असे वाहन निवडले.

या वाहनांत सर्वांत जुनी व साधी ती सांगड. वाळलेले दुधी भोपळे दोरीने एकत्र बांधून त्यांच्या आधाराने नदी उतरावी, जाळे टाकावे, ही तिची एक रीत. दोन डोण्या शेजारी-शेजारी जखडून केलेल्या तराफ्यासही सांगडच म्हणत. मोल्सवर्थच्या मराठी कोशात हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. दोन गोष्टींचा मेळ बसविणे याला आपण 'सांगड घालणे' म्हणतो. मराठी भाषेला हा वाक्प्रचार पाण्यावरच्या माणसांनी दिला आहे. भोपळ्याला मोल नव्हते, तो परसात वेलीवर येई, आणि त्याचा मुख्य गुण असा की तो काही केल्या बुडत नसे.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत, परिस्थिती वेगळी होती. तेथे गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. तलाव बांधले ते भातशेतीसाठी. त्यांतील मासळीचा व्यवसाय धीवरांकडे आला. या उथळ पाण्यात कमळ, शिंगाडा व इतर पाणवनस्पती दाट वाढतात. तेथे रुंद होडी अडकून पडते. म्हणून एका जाड बुंध्याचे लाकूड कोरून केलेला अरुंद डोंगा धीवरांनी पसंत केला. बांबूच्या रेट्याने तो वनस्पतींतून सहज सरकतो. उन्हाने लाकूड तडकू नये म्हणून वापर नसताना तो पाण्यात बुडवून ठेवीत. डोंग्याचा तळ गोल असल्यामुळे तो डुलतो, नवख्याला उलटवतो. मात्र तो मोडल्यावाचून तळाला जात नाही. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुढे वळावयाचे आहे.

दक्षिणेकडे वेताच्या टोपलीवर कातडे चढवून केलेले गोल हरिगोल होते. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश याने सुमारे 1520 साली विजयनगरास अशा गोल नावा पाहिल्या. त्यांत पंधरा-वीस माणसे बसत, प्रसंगी घोडे व बैलही नेत, आणि त्या सतत स्वतःभोवती फिरत, असे त्याचे वर्णन आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गूळ करण्याची लोखंडी काहील पुराच्या वेळी नावेसारखी वापरीत. ती संकटकाळची सोय होती. तिला पुढचे तोंड नाही की सुकाणू नाही. वाऱ्याने व प्रवाहाने नेईल तिकडे ती गिरक्या घेत जाते.

इंग्रजी अमदानीत आमच्या व्यवसायाला दोन्ही बाजूंनी धक्का बसला. बोरघाटातून 1830 साली गाडीरस्ता झाला आणि 1863 साली रेल्वे घाट चढली. जसजसे रस्ते व लोहमार्ग वाढले, तसतशी पालखीची गरज उरली नाही. नद्यांच्या उतारावरील नावांसाठी मुंबई इलाख्यात 1868 साली कायदा झाला आणि परंपरेने चालत आलेल्या हक्काच्या जागी सरकारी मक्ता आला. पुढे पूल झाले आणि मक्त्यालाही अर्थ राहिला नाही. विदर्भात मालगुजारी होती तोवर धीवर मालगुजाराला वाटा देऊन तलावात मासे धरीत. 1951 साली मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले आणि पुढे सहकारी संस्थांमार्फत ठेक्याने मासेमारी सुरू झाली. सारांश, खांद्यावरची पालखी आणि उतारावरची नाव ही दोन्ही गेली व आमच्या हाती केवळ मासळी राहिली.

त्यानंतर मोठी धरणे आली. भंडारदरा 1926 साली पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर कोयना, जायकवाडी, उजनी अशी एकाहून एक मोठी जलाशये निर्माण झाली. उजनीचे काम 1980 साली पूर्ण झाले. पैठणचा नाथसागर सुमारे 55 किलोमीटर लांब व 27 किलोमीटर रुंद आहे. ज्या काठांवर आमची वस्ती होती, ती गावे पाण्याखाली गेली. उजनीत पळसदेवचे प्राचीन मंदिर बुडाले. पाणी उतरले की ते वर दिसते. त्याच पाण्याखाली जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळींचे बुंधेही आहेत आणि त्यांना आमची जाळी व होड्या अडकतात.

नदीचे पाणी आणि जलाशयाचे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नदीत दोन्ही तीर जवळ असतात, वाऱ्याला लाट वाढविण्यास अवसर मिळत नाही. जलाशयावर वारा मैलोगणती मोकळ्या पाण्यावरून येतो. जितके अंतर मोठे, तितकी लाट मोठी. आणि उथळ भागात तीच लाट आखूड व उभी होऊन होडीच्या काठावरून आत येते. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर उठणारे वळवाचे वादळ तर सूचना देत नाही म्हटले तरी चालेल. आमच्या पूर्वजांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान नदीचे व गावतळ्याचे होते. या नव्या पाण्याचे शिक्षण आम्हांस कोणी दिले नाही. ते आम्ही माणसे गमावून घेत आहोत.

मासेमारीही पालटली. 10 जुलै 1957 रोजी ओरिसातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे पुढे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मुबलक मिळू लागले व जलाशयांत सोडले जाऊ लागले. हे मोठे मासे धरावयाचे तर खोल पाण्यात लांबच लांब जाळी लावावी लागतात. सुती जाळ्याच्या जागी न कुजणारे हलके नायलॉन आले. काठावरून फेकजाळे टाकून भागेनासे झाले व प्रत्येक कुटुंबाला होडी आवश्यक झाली. ज्याला परवडली त्याने लाकडी किंवा पत्र्याची होडी केली, पुढे फायबरची आली. ज्याला परवडली नाही त्याने ट्रकच्या चाकाची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा घेतला.

आता पूर्वी सांगितलेल्या मुद्द्याकडे वळू. आंबा, सावर, साग ही वाळलेली लाकडे पाण्याहून हलकी आहेत. लाकडी होडी उलटली, पाण्याने भरली, तरी तरंगत राहते आणि तिला धरून माणूस जीव वाचवू शकतो. लोखंड पाण्याहून जवळजवळ आठपट जड आहे. फायबरचा साचाही पाण्याहून जड आहे. या होड्या दिसावयास भक्कम व बसावयास स्थिर. परंतु आत हवेचे बंद कप्पे नसतील तर एकदा भरल्या की तळ गाठतात. डोंगा उलटत असे, बुडत नसे. नवी होडी सहसा उलटत नाही, पण बुडते. स्थैर्य आपण विकत घेतले आणि तरंगण्याचा गुण नकळत गमावला.

याची किंमत किती मोठी असते, हे 21 मे 2024 रोजी दिसले. उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण मृत्यू पावले, त्यांत दोन लहान मुले होती. एक जण पोहून तीरास लागला. ही होडी मासेमारीची नव्हती. परंतु पाणी तेच, वारा तोच, आणि आमची बहुसंख्य कुटुंबे तशाच होड्यांतून रोज जातात.

म्हणून होडी घेणाऱ्या समाजबांधवांना आमचे सांगणे असे. प्रथम पाणी पाहा, मग होडी पाहा. वनस्पतींनी भरलेल्या गावतलावाला अरुंद डोंगाच योग्य. मोठ्या जलाशयाला सपाट, रुंद तळाची व उंच काठाची होडी हवी. दोन माणसे, जाळे व मासळी यांसह काठ पाण्याच्या वर वीत-दीड वीत राहिला पाहिजे. न राहिल्यास होडी लहान आहे असे समजावे. पत्र्याची किंवा फायबरची होडी घेताना हवाबंद कप्पे आहेत काय, हे विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. नसल्यास उपाय घरचाच आहे. शंभर किलोची लोखंडी होडी बुडाली तरी पाण्यात तिचे वजन सुमारे 87 किलो भरते. घट्ट झाकणाचा 20 लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन सुमारे 19 किलो भार उचलतो. असे पाच कॅन होडीपुरते, प्रत्येक माणसामागे एक व सामानासाठी एक, एवढे पक्के जखडावेत. ते दोन्ही टोकांस व दोन्ही काठांलगत असावेत; सगळे तळाशी बांधल्यास भरलेली होडी पालथी होते. नंतर कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहावी. तरंगली तरच तिच्यावर कुटुंबाचा भार टाकावा.

वापराविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. जाळे बाजूने न ओढता होडीच्या तोंडावरून ओढावे, म्हणजे तोंड वाऱ्याकडे राहते व लाट बाजूवर आदळत नाही. दोघांनी एकाच काठाशी वाकू नये. जाळे पायात गुंतल्यास कापण्यासाठी चाकू कमरेला असावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आभाळ भरू लागले की जाळ्याचा मोह सोडून तीर गाठावा. जाळे पुन्हा मिळते. लहान मुलांना मासेमारीच्या होडीत नेऊ नये. आणि जीवरक्षक जाकीट होडीत ठेवून उपयोग नाही, ते अंगावरच हवे. मनुष्यदेहाचे बहुतेक वजन पाणीच पेलते. डोके वर राखण्यास पाच-दहा किलोचा आधार पुरेसा होतो. जाकीट घालण्यात कमीपणा मानणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी सांगडीचे स्मरण करावे. पूर्वजांना पोहता येत नव्हते म्हणून त्यांनी भोपळे बांधले नाहीत. पाणी जाणत होते म्हणून बांधले.

राहिला प्रश्न पैशाचा. होडी व जाळ्यासाठी व्यापाऱ्याची उचल घेतली की मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने घालावी लागते, हा अनुभव कोणाला नाही? स्वस्त तराफ्यावर जीव टांगण्याचे मूळ या कर्जात आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या होड्या व जाळी यांसाठी साहाय्य ठेवण्यात आले. त्यात सर्वसाधारण गटास 40 टक्के, तर महिलांस 60 टक्के अनुदान ठरले, आणि अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांच्या विम्याची तरतूद झाली. ज्या भगिनी वर्षानुवर्षे वल्हे मारीत आल्या, त्यांच्या नावावर होडी होणे हे न्यायाचेही आहे आणि हिताचेही. आमच्या संस्थांनी सभासद स्त्रियांची नावे पटावर घ्यावीत, त्यांचे अर्ज भरून द्यावेत आणि सामुदायिक खरेदी करून व्यापाऱ्याची उचल टाळावी.

वार्षिक मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, वधूवरांची नोंद करतो. त्याच मंडपात प्रत्येक गावाने आपल्याकडील होड्यांची मोजदाद सादर करावी: किती होड्या आहेत, पैकी किती भरल्यावरही तरंगतात, किती जाकिटे रोज अंगावर चढतात. ही माहिती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापून आली, तर आमच्या इतिहासात एक उपयुक्त पान वाढेल. आणि त्याच स्मरणिकेतील श्रद्धांजलीच्या पानावरची काही नावे कमी होतील.